सायकलला परत बिल्ला?

सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून एकच विषय: सायकलवाले सिग्नल तोडतात, उलटे येतात, तेव्हा त्यांनाही नंबरप्लेट आणि लायसन्स करा. निदान दंड तरी करता येईल म्हणे.

अहो, पुण्यात हे सगळं करून झालंय. सायकलवर कर होता आणि तो भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावावा लागायचा. वडिलांचा बिल्ला अजून आमच्या घरात आहे. साल आणि नंबर, बस्स. ब्रेक लागतात का, चालवणाऱ्याला हात दाखवून वळता येतं का, याच्याशी त्याचं काडीचं देणंघेणं नव्हतं. ती निव्वळ वसुली. १९४९च्या महापालिका कायद्यात वाहनं, होड्या आणि जनावरं यांच्यावरचा कर एका दमात सांगितलाय, त्यातलीच ही. शिस्त लावायचा तो चौकातला पोलीस. डबलसीट किंवा बिनदिव्याची सायकल दिसली की अडवायचा, वेळ पडली तर चाकातली हवा सोडायचा. त्याला कुठली नंबरप्लेट लागत होती?

एक मुद्दा मात्र मला पटतो. २५० वॅटच्या आतल्या आणि ताशी २५ किमीच्या आत धावणाऱ्या ई-बाइकला नोंदणी लागत नाही. त्या नावाखाली भन्नाट पळणाऱ्या गाड्या खपवल्या जातात. त्यांना खुशाल पकडा. पण ड्युटीवर निघालेल्या वॉचमनच्या सायकलला प्लेट कशाला?

तो उलटा का येतो, ते बघा ना. आपल्याकडच्या सायकल ट्रॅकवर चढलं की आधी विजेची डीपी, मग भजीची गाडी, मग ओळीने लावलेल्या दुचाकी. मोटरसायकली घुसू नयेत म्हणून तोंडाशी खांब ठोकलेत, त्यातून मोटरसायकल जाते आणि कॅरेजला पोतं बांधलेली सायकल अडकते. चौक आला की ट्रॅकच गायब, नेमका जिथे जिवाला धोका तिथे. डिसेंबर २०१७मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमाराला भाड्याच्या पिवळ्या-नारिंगी सायकली आल्या आणि आल्या तशा गेल्या. आराखडा वाचायला छान आहे, खोटं नाही.

महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांची कामं मागवते. दरवर्षी आपण बाकडी आणि पेव्हर ब्लॉक मागतो. यंदा पुढच्या चौकातून सलग जाणारा, रंगवलेला ट्रॅक मागू. अर्ज मी लिहितो. सह्यांसाठी रविवारी दारावर येईन, नंबरप्लेटवाल्यांच्या दारी आधी.