‘वावरात लहान फोन कशाले?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडून तुम्ही पाठवलेली प्रतिक्रिया वाचली. खाली चार ओळी लिहून मोकळं होता आलं असतं, पण हेच मला गावातल्या दोघा-तिघांनी पारावरही ऐकवलं. म्हणून वेगळं लिहितो.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की ज्याचा दिवस वावरात जातो त्यानं पावणेसात इंची फोनच्या मागे लागू नये, मुठीत मावेल असा, जसा ६.१ इंची गॅलेक्सी एस२३, शोधावा, आणि नवा परवडत नसेल तर दोनेक वर्षं वापरलेला, पण मुळात चांगल्या दर्जाचा घ्यावा. त्यावर भाऊ म्हणतात : “हे पुण्या-मुंबईकडचे चोचले आहेत. खेड्यात फोन म्हणजे घरचा टीव्ही. लेकरं त्याच्यावर शिकतात, म्हातारी कीर्तन पाहते. ५,००० एमएएचच्या खालची बॅटरी इथं चालत नाही. ६.१ इंचाले तुम्ही लहान म्हणता, हाच मोठा विनोद. अन् कास्तकाराले जुना फोन घ्या म्हणणं म्हणजे त्याले खड्ड्यात लोटणं.” (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप.)

टीव्हीचं आधी उरकतो, कारण तिथं आपला वाद नाही. घरात एकच स्मार्टफोन असेल तर मोठाच घ्या. मी बोलत होतो ते दुसऱ्या फोनबद्दल. आमच्या आर्वीकडे तरी बऱ्याच घरांत एक मोठा फोन असतोच. तो लेकरांच्या हातात असतो आणि घरधनी वावरात जाताना “माहा फोन कुठं हाय?” म्हणून ओरडत असतो. एकाच नंबरचं व्हॉट्सॲप दोन फोनांवर चालवायची सोय २०२३ पासून आहे, त्यामुळे घरी मोठा आणि खिशात लहान हे आता अवघड राहिलं नाही.

आता ६.१ इंचाचा विनोद. इंच मोजतात ते पडद्याच्या एका कोपऱ्यापासून तिरप्या कोपऱ्यापर्यंत. पडदा उंच आणि निमुळता केला की इंच वाढतात, पण मुठीत येणारी रुंदी त्या मानानं वाढत नाही. २०१७ च्या शेवटी रेडमी ५ए आला होता, ४,९९९ रुपयांना, ‘देश का स्मार्टफोन’ म्हणून. तुमच्याही घरात कुणाकडे तरी असेल. पाच इंची फोन, रुंदी ७०.१ मिलिमीटर. मी ज्याचं नाव घेतलं होतं तो सॅमसंगचा गॅलेक्सी एस२३ म्हणजे ६.१ इंची, रुंदी ७०.९ मिलिमीटर. एका मिलिमीटरचाही फरक नाही, बाप्पा! जुन्या फोनला पडद्याच्या वर आणि खाली रुंद पट्टे असायचे. ते गेले आणि तिथंही पडदा आला. वजन मात्र १३७ ग्रॅमवरून १६८ वर गेलं आणि उंची सहा मिलिमीटरनं वाढली, हेही सांगितलं पाहिजे. त्याच्या शेजारी रेडमी १३सी ठेवा : रुंदी ७८ मिलिमीटर, उंची १६८, वजन १९२ ग्रॅम. त्याला जाड रबरी कव्हर घातलं की रुंदी ८० च्या पुढं. म्हणून मी इंच विचारतच नाही. लेकराच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन दुकानात जा, आडवी रुंदी मोजा. ७२ च्या आत असेल तर तो फोन लहान, मग खोक्यावर इंच कितीही छापलेले असोत. (२०११ साली पहिला गॅलेक्सी नोट आला तेव्हा ‘हा काय फोन आहे?’ म्हणून लोक हसले होते. त्याचा पडदा होता ५.३ इंची. आज तेवढा पडदा शोधून सापडत नाही.)

हे चोचले का नाहीत, ते वावरातच दाखवतो. ई-पीक पाहणी घ्या, म्हणजे आपल्या पिकाची सातबाऱ्यावरची नोंद सरकारी ॲपवरून आपणच करणं. पावसाळ्याचे दिवस, पऱ्हाटी (कपाशी) कमरेला लागलेली, पायाखाली चिखल, वरून भुरभुर चालू, एका हातात छत्री. पिकाचा फोटो वावरात उभं राहूनच काढायचा असतो, कारण ॲप जागा तपासतं. आता मोठा फोन उजव्या हातात धरा. खालच्या बटणापर्यंत अंगठा येतो, पण वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या बाणापर्यंत पोचत नाही. मग माणूस काय करतो? चार बोटं सैल सोडून फोन तळहातावर थोडा खाली सरकवतो. फोन पडतो तो याच घटकेला, तोही ओल्या हातातून, सरीत साचलेल्या पाण्यात. फवारणीच्या वेळेला पाठीवर पंप, एक हात दांड्यावर, दुसरा नळीवर, त्यात कृषी केंद्रवाल्याचा फोन आला की हाच प्रकार. पडदा आकसून खाली आणायची सोय बऱ्याच फोनांत असते, मी वापरून पाह्यली. पडदा आकसतो, वजन आणि रुंदी आकसत नाही.

आणि वेचणाऱ्या बायांचं काय? साडीला खिसा नसतो. पुढं ओटी बांधलेली, ती कापसानं भरत जाते. आमच्या वहिनीनं शिंप्याकडून कमरेला बांधायचा बटवा शिवून घेतला. मोठा फोन त्यातून अर्धा बाहेर राहायचा आणि वाकलं की त्याची कड पोटाला टोचायची. वेचणीत तर दिवसभर वाकूनच राहावं लागतं. शेवटी ती फोन धुऱ्यावर डब्याजवळ ठेवायला लागली. लेकराच्या शाळेतून फोन आला काय नि नाही काय, तिला संध्याकाळी कळायचं. फोनची मापं ठरवणाऱ्यांनी एकदा सोयाबीनच्या सवंगणीला यावं, असं मला मनापासून वाटतं. असो.

‘लोकांना लहान फोन नकोच, म्हणून कंपन्या बनवत नाहीत,’ असं तुम्ही पुढं लिहिलंय. हे अर्धंच खरं आहे. ॲपलनं २०२० मध्ये आयफोन १२ मिनी आणला, २०२१ मध्ये १३ मिनी, आणि २०२२ ला ती ओळ बंद करून त्या जागी ६.७ इंची प्लस उभा केला. आसूसचा झेनफोन २०२१ ते २०२३ हातात मावणारा होता. २०२४ ला त्याचाही ६.७८ इंची ‘अल्ट्रा’ झाला. खप नव्हता हे मान्य. पण १२ मिनीची आपल्याकडची किंमत सुरुवातीला ६९,९०० रुपये होती. त्या भावात तो खेड्यानं नाकारला असं कसं म्हणता? तो खेड्याला कुणी दाखवलाच नव्हता. स्वस्त आणि लहान असा शेवटचा मोठा गाजावाजा झाला तो २०२१ च्या दिवाळीत, जिओफोन नेक्स्टचा. ५.४५ इंच, ६,४९९ रुपये, आणि आत २ जीबी रॅम, म्हणजे चालू कामं पेलायची मेमरी. तेवढ्या रॅमवर दोन ॲप उघडले की फोन रखडणारच. त्याचा दोष आकाराच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

खरी अडचण कारखान्यात आहे. स्वस्त फोनचे पडदे साडेसहा-पावणेसात इंची मापात एकगठ्ठा बनतात आणि अनेक कंपन्या तेच उचलतात, म्हणून ते स्वस्त पडतात. लहान पडदा वेगळा बनवून घ्यावा लागतो. आतली जागाही कमी, म्हणजे सगळे भाग दाटीवाटीनं बसवायचे, आणि त्याला खर्च येतो. मोठ्या डब्यात स्वस्त माल ऐसपैस बसतो. वर दुकानदार काउंटरवर दोन फोन शेजारी ठेवून म्हणतो, “त्याच पैशात एवढा मोठा येते ना भाऊ!” तिथं लहान फोन हरतो.

बॅटरीबद्दल मात्र तुम्ही नेमकं बोट ठेवलंय. मिनी आयफोनमध्ये बॅटरी २,५०० एमएएचच्याही खाली, म्हणून आपल्याकडे मी तो कुणालाच सुचवत नाही. दुपारी मान टाकतो. एस२३ मध्ये ३,९००. पण निव्वळ आकड्यावर जाऊ नका. आपल्याकडे बॅटरी जास्त खाते ती कमजोर रेंज. टॉवर दूर असला की फोनला जोर लावून बोलावं लागतं आणि तो नुसता खिशात पडूनही उतरत जातो. ५जी येऊन-जाऊन असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ४जीवर बांधून टाका, फरक त्याच दिवशी दिसतो. दुसरी खाणारी गोष्ट म्हणजे ऊन. ॲपल स्वतः सांगते की फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा ३५ कुठं शोधायचं? लहान अंगाचा फोन लवकर तापतो, म्हणून आतली चिप थंड डोक्याची पाहिजे. याच कारणानं मी एस२२ टाळून एस२३ म्हटलं होतं. दोन्ही जवळपास एकाच मापाचे, पण एस२२ मधल्या स्नॅपड्रॅगन ८ जेन १ या चिपच्या तापण्याच्या तक्रारी सगळीकडून होत्या. एस२३ मधली जेन २ दुसऱ्या कारखान्यात, तैवानच्या टीएसएमसीकडे बनली आणि बरीच शांत निघाली. भाव पाहून एस२२ कडे वळणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा.

रात्रीच्या ओलिताला जाणाऱ्यानं पॉवर बँक ठेवावी, हे खरंच. पण १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून फोनात प्रत्यक्षात साठेक टक्केच उतरतं. बाकी रूपांतरात जातं, त्यामुळे ‘तीनदा चार्ज होईल’ हे दुकानदाराचं गणित सोडून द्या.

लहान अंगात मोठी बॅटरी आता बसायला लागली आहे, हेही सांगतो. सिलिकॉन-कार्बन जातीच्या बॅटऱ्या आल्यात, त्यांत तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावतो. २०२५ मध्ये आलेला वनप्लस १३एस ६.३२ इंची आहे आणि त्यात ५,८५० एमएएच आहे. विवो एक्स२०० एफई ६.३१ इंची, त्यात ६,५००. दोन्हींची किंमत निघाली तेव्हा ५४,९९९. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे. म्हणजे एका फोनसाठी पावणेसात क्विंटल कापूस मोजायचा, तोही सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलाव्यात पास झाला तर. कोरडवाहूवाल्यासाठी हा एकराहून जास्त पिकाचा हिशेब होतो. हे फोन घ्या असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

म्हणून जुना फोन. एस२३ निघाला तेव्हा ७४,९९९ चा होता. आज वापरलेला अर्ध्याहून बराच खाली मिळतो आणि त्याला सुरक्षेचे अपडेट २०२८ पर्यंत कंपनीनं कबूल केलेले आहेत. तुम्हाला ‘खड्डा’ दिसतो तो जुन्या फोनच्या खरेदीत असतोच, नाही असं नाही. पण तो चुकवता येतो. आधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा १५ आकडी ओळख क्रमांक काढा. मग इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून, एक जागा सोडून तो नंबर लिहा आणि १४४२२ वर मेसेज करा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर लगेच कळतं. हेच सरकारच्या संचार साथी साइटवरही होतं. विकणाऱ्याला त्याचं गूगल खातं तुमच्यासमोर काढायला लावा, फोन कोरा करून पुन्हा सुरू करायला लावा. ‘घरी जाऊन पासवर्ड पाठवतो’ म्हणणाऱ्याला तिथूनच रामराम. पांढरं चित्र पडद्यावर पूर्ण उघडून पाहा, हिरवी-गुलाबी रेघ असेल तर सोडा. स्वतःचं सिम घालून कॉल लावा. अमेरिका-जपानकडून आलेल्या काही फोनांत जिओचा २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा नसतो आणि ते गावात आल्यावर समजतं. बॅटरी बदलायचा खर्च भावात धरूनच सौदा करा. आणि एकदा उघडलेला फोन पाण्याला टिकतो असं समजू नका, मग खोक्यावर आयपी६८ (धूळ-पाण्याला टिकण्याचा दर्जा) लिहिलेलं का असेना. पावती नसेल तर घेऊ नका. याच्यात माझी तडजोड नाही.

शेवटी तुम्ही रागात का होईना, विचारलंत : “पोरगं यवतमाळले कॉलेजात जाते, माह्याजवळ १५ हजार हायेत, आता सांगा लहान फोन.” नाही सांगत. त्या पैशात नवा लहान फोन आज बाजारात नाही. त्या भावात जुने जे लहान फोन मिळतात त्यांतले गूगलचा पिक्सेल ४ए, सॅमसंगचा एस१०ई यांचे अपडेट केव्हाच थांबलेत. बँकेचं ॲप असलेल्या फोनात मी ती जोखीम घेणार नाही. पोराला नोट्स वाचायच्या आहेत, त्याला मोठाच नवा घ्या. फक्त वजन १९० ग्रॅमच्या आत हवं आणि रॅम ६ जीबीच्या खाली नको, एवढं पाहा. १२-१३ हजारांत भागवा. उरलेल्यात तुम्ही स्वतःसाठी ४जी कीपॅडचा फोन घ्या. जिओ भारत २०२३ ला निघाला तेव्हा ९९९ चा होता, त्यावर यूपीआयही चालतं. सदऱ्याच्या खिशात बसतो आणि सरीत पडला तर जीव कासावीस होत नाही. ई-पीक पाहणी आणि सीसीआयला कापूस विकायच्या नोंदणीचं कपास किसान ॲप त्याच्यावर चालत नाही. ते पोरगं सुटीत घरी आलं की त्याच्या फोनवर उरकून घ्या, आणि तारखा मात्र आधीच पाहून ठेवा, नाहीतर त्याची परीक्षा आणि पाहणीची मुदत एकाच आठवड्यात यायची.