बोअरच्या पाण्याचा संसार

पुण्यात पेठेत वाढलेल्या माणसाला पाण्याची चव विचारली तर तो आपल्याकडेच वेड्यासारखा बघतो, कारण खडकवासल्याच्या पाण्याला चव अशी नसतेच, आणि हे किती मोठं सुख आहे ते कळायला वाघोलीत फ्लॅट घ्यावा लागतो. आम्ही घेतला. हॉल मोठा, बाल्कनीत वारा, मुलीची शाळा जवळ, बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात जिम आणि क्लबहाऊससुद्धा होतं, आणि पाण्याच्या पुढे फक्त "मुबलक" एवढंच लिहिलेलं. ते खोटं नाहीये हो, मुबलकच आहे. कॅल्शियम.

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, पण आमच्या टाकीत अजून बोअर आणि टँकरचंच राज्य आहे. टँकर कुठून भरून येतो हे टँकरवाल्याला विचारायचं नसतं, विचारलं तर तो "चांगलंच पाणी आहे की ताई" म्हणतो आणि पाइप सोडतो. खाली सगळा काळा पाषाण, पावसाचं पाणी त्याच्या भेगांमधून झिरपत झिरपत खाली जातं, वाटेत भेटेल तेवढं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गोळा करतं आणि सगळं इमानदारीत आमच्या बाथरूममध्ये आणून टाकतं.

पहिला दणका साबणाने दिला. नवरा आंघोळीला गेला की आतून ओरडायचा, अगं साबण बदललास का, फेसच येत नाहीये! साबण तोच होता, वर्षानुवर्षं तोच आहे. होतं असं की साबण पाण्यात गेला की फेस करायच्या आधी कॅल्शियमच्या नादाला लागतो, दोघांचा मिळून एक चिकट पांढरा साका होतो आणि तो बादलीच्या कडेला, मगच्या तळाला आणि आपल्या अंगाला बसतो, मग पाण्यातलं सगळं कॅल्शियम असं खर्ची पडलं की उरलेल्या साबणाला फेस येतो. म्हणजे अर्धी वडी आधी पाण्याला लावायची आणि राहिलेली आपल्याला.

मुलीच्या केसांचा पार काथ्या झाला. तिने मग सिरम काय, मास्क काय, कसलं तरी कोरियन पाणी काय, एवढ्या बाटल्या आणल्या की बाथरूमच्या फळीवर माझा कंगवा ठेवायला जागा उरली नाही. सासूबाई हे सगळं बघत होत्या, बोलत काहीच नव्हत्या, आणि एक दिवस त्यांनी गुपचूप रिठे भिजत घातले. तर त्या रिठ्याला ह्याच पाण्यात हा एवढा फेस! रिठ्यातलं सॅपोनिन कॅल्शियमच्या नादाला लागतच नाही असं माझ्या दिराने नंतर सांगितलं, तो ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो. आईंना सॅपोनिनशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांनी सगळ्या नणंदांना फोन करून कळवलं.

पण ह्याच आईंनी वाण्याशी मात्र भांडण काढलं. तूरडाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी दाणा अख्खा, वरण म्हणजे वर पाणी आणि खाली डाळ, दोघांची ओळखच नाही. आईंचं ठाम मत, "मेल्याने जुनी डाळ दिली." वाणी बदलला, मग तोही बदलला, नशीब वाघोलीत वाणी बरेच आहेत. खरं कारण नळातच, कॅल्शियममुळे डाळीतलं पेक्टिन असं घट्ट धरून बसतं की ती मऊ व्हायला तयारच नसते, चिमूटभर सोडा टाकला की येते ताळ्यावर. चहाचं तर बोलूच नका, वर तो तवंग, कप हलवला की त्याला तडे जातात आणि ते तुकडे कडेला चिकटतात. लिंबू पिळलं की जातो म्हणे. दुधाच्या चहात लिंबू पिळून दाखवा मला कुणीतरी.

गीझर आधी बोलायला लागला. बटण दाबलं की आतून तडतड, मग घुर्रर्र, मग ठक्. नवरा म्हणाला नवीन आहे, बसेल हळूहळू. तो बसलाच, कायमचा. इलेक्ट्रिशियन आला, बोल्ट काढले, आणि आतून जे बाहेर आलं त्यात कॉइल कुठे दिसेचना, नुसती पांढऱ्या दगडाची जाडजूड दांडी. त्याने स्क्रू ड्रायव्हरने दोन टोले घातल्यावर खपली उडाली आणि आत काळी पडलेली, फुटलेली कॉइल. टाकीच्या तळाचा चुरा काढला तर अर्धी बादली भरली. पाणी तापलं की त्यातले विरघळलेले बायकार्बोनेट फुटतात आणि कार्बोनेट होऊन जिथे सगळ्यात गरम तिथेच चिकटतात, मग तापायचं ते आधी दगड तापतो आणि नंतर पाणी, आणि लाइटबिल दोघांचं. "गीझर कमीवर ठेवत जा मॅडम," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन पाच मिनिटांत नवीन कॉइल घेऊन आला. एवढ्या लवकर दुकान कुठे सापडलं म्हणून विचारलं तर म्हणाला दुकान कशाला, वाघोलीच्या कॉलला मी डिकीत टाकूनच निघतो.

शॉवरची निम्मी भोकं बुजलीयेत, उरलेल्यांपैकी एक थेट दारावर मारतं. त्यावर उपाय म्हणजे पिशवीत व्हिनेगर भरून ती शॉवरला रबराने बांधायची आणि रात्रभर लटकत ठेवायची. मावससासूबाई मुक्कामाला आल्या होत्या, त्यांनी सकाळी ते बघून अगदी हळू आवाजात विचारलं, कुणाची नजर लागली होती का ग?

मग आरओवाला आला. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं, आणि चार दांड्यांचं एक यंत्र. प्लग लावला, आणि बघता बघता आमच्या ग्लासात हिरवट तपकिरी गाळ, वर फेस, बघवेना. त्याचा ग्लास स्वच्छ. "हे तुम्ही रोज पिता मॅडम." आईंनी पदर तोंडाला लावला. दीर तेव्हा नेमका पोहे खात बसला होता, तो उठला, त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणाला, हं, आता लावा परत. परत लावलं तर तिथेही तोच गाळ! गाळ पाण्यातला नव्हताच, त्या लोखंडी दांड्यांचा होता, क्षार असले की वीज वाहते आणि दांडी गंजते, एवढीच ती जादू. आरओवाल्याने यंत्र गुंडाळलं आणि फार आदराने विचारलं, "सर, आपण कुठल्या कंपनीत?"

आरओ घेतलाच तरी, चहासाठी. आणि तिथून घरात पाण्याचं सोवळंओवळं सुरू झालं. आरओचं पाणी सोवळ्यातलं, ते फक्त पिण्याला, चहाला, डाळीला आणि इस्त्रीला. नळाचं ओवळं. आणि आरओने नाकारलेलं, जे शुद्ध पाण्यापेक्षाही जास्त निघतं, ते बादलीत साठवून फरशी पुसायला, मग फरशी वाळली की तिच्यावर पांढरे फराटे, मग ते पुसायला परत ओवळं. आमच्या मावशी म्हणतात ताई तुमच्याकडे पुसल्यावर घाण होतं.

शेजारच्या काकांनी टीडीएस मीटर घेतलाय, पेनासारखा खिशाला लावून फिरतात आणि दिसेल त्यात बुडवतात, गणपतीत तीर्थात बुडवताना काकूंनी हातावर मारलं. त्यात एकूण क्षार कळतात, पाणी किती कठीण, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, ते वेगळं कळत नाही, पण काकांना सांगणार कोण. भारतीय मानकाप्रमाणे कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. दुसरा स्रोतच नसेल तर! हे कलम लिहिणारा माणूस वाघोलीत राहून गेलेला असणार असा मला दाट संशय आहे. मुतखड्यावर लिफ्टमध्ये रोज चर्चासत्र असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणाला आरोग्यासाठी अशी मर्यादाच घातलेली नाही हे दिराने सांगितलं तेव्हा लोकांचा चक्क हिरमोड झाला.

शेवटी सोसायटीची मीटिंग, विषय सॉफ्टनर प्लांट. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, झालं. एवढं सांगून होतंय तोच बी विंगमधून प्रश्न, म्हणजे आमच्या बीपीचं काय? मग मिठाची पोती ठेवायची कुठे, क्लबहाऊसमध्ये का, मग धुतलेलं खारं पाणी झाडांना घालणार का, मग तळमजला म्हणाला आम्हाला प्रेशर कमी येईल आणि वरचा मजला म्हणाला आम्हाला आत्ताच येत नाही. शेवटी समिती नेमली. त्याच रात्री सेक्रेटरींचा ग्रुपवर मेसेज, प्लांटचा निर्णय होईपर्यंत गीझरच्या कॉइली घाऊक भावात मिळवून देण्यात येतील, इच्छुकांनी फ्लॅट नंबर आणि नग कळवावेत. पहिल्या दहा मिनिटांत अख्खी ए विंग. आम्ही तीन सांगितल्यात, एक नणंदेला, ती खराडीला राहते.