सतराचं तसंच असतं

आज भाची शाळेतून तोंड पाडून आली. सहावीत आहे. बाईंनी वर्गात सांगितलं, बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते. हिने फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "मग बाई, ते काय आहे?" उत्तर मिळालं, "आगाऊपणा नको, खाली बस."

डोकंच फिरलं माझं. अरे, याच प्रश्नावर माणसं जवळपास अडीच हजार वर्षं भांडतायत! फळ्यावरची आकृती वेगळी आणि फक्त बुद्धीला दिसणारी वेगळी, हे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो सांगून गेला. सहावीतल्या पोरीला ते आपलं आपण दिसलं, आणि तिला खाली बसवलं.

मला आजीचे चिंचोके आठवले. मे महिन्याची दुपार, सारवलेली ओटी. मी चिंचोके सारख्या ओळींत मांडत होते. बारा होते तोवर सगळं जमलं. मग आजीने आणखी पाच टाकले. दोन ओळी केल्या, एक उरला. तीन केल्या, दोन उरले. चार केल्या, पुन्हा एक. रडकुंडीला आले. आजी पापड लाटता लाटता म्हणाली, "नाही जमायचं बाय. सतराचं तसंच असतं."

हे 'तसंच' कुठे होतं? चिंचोक्यांत नव्हतं, गजगे घेतले असते तरी तेच झालं असतं. माझ्या मनात तर नव्हतंच, मला ते जमायला हवं होतं! इंग्रज गणितज्ञ हार्डीने 1940 मध्ये 317 बद्दल हेच लिहिलं: सतरासारखीच ती मूळ संख्या आहे ती आपल्याला वाटतं म्हणून नव्हे, ती आहेच तशी. आजीने हार्डीचं नावही ऐकलं नव्हतं.

मान्य, बुद्धिबळाचे नियम माणसाने केले, तरी काळ्या घरातला उंट पांढऱ्या घरात कधीच जात नाही. गणितही असाच नियमांचा खेळ आहे, असं म्हणणारे मोठमोठे लोक आहेत. पण तर्कशास्त्रज्ञ गोडेलने 1931 मध्ये दाखवलं, की अंकगणिताचे नियम कितीही नेटके, परस्परविरोध नसलेले मांडा, संख्यांबद्दलची काही सत्यं त्यांतून सिद्ध होतच नाहीत. नियमांना न सापडणारं सत्य मग राहतं कुठे? चिंचोक्यांपाशीच येते मी पुन्हा.

बाईंवर चिडून लिहायला बसले होते. साठ मुलं, संपवायचा पोर्शन, डोक्यावर परीक्षा. कळतं मला. पण "छान विचारलंस गं, मलाही नीट माहीत नाही" एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

जेवणं झाल्यावर डब्यातला राजमा काढला, सतरा दाणे मोजून तिच्यापुढे ठेवले. अजून जमिनीवरच बसलीय. नऊ-नऊच्या दोन ओळी करून एक जागा रिकामी सोडलीय, आणि आत्ता मला विचारतेय, "आत्या, हा जो इथे नाहीये, तो मोजायचा का?"