पेनड्राइव्ह लावला म्हणून लॅपटॉप मरत नाही

रविवारी दुपारी मंगळवार पेठेतून वहिनींचा फोन. "भाऊजी, तुमचा तो पेनड्राइव्ह आणू नका हं. लॅपटॉप मी देऊनच टाकते. दीड हजार देतो म्हणालाय एक जण."

वहिनी घरी आठवी-नववीच्या शिकवण्या घेतात. लॅपटॉप २०१४ चा, रॅम ४ जीबी. प्रश्नपत्रिका, हजेरी, मुलांना दाखवायचे व्हिडिओ, सगळं त्याच्यावरच. विंडोज सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात, म्हणून आदल्या आठवड्यात मीच म्हणालो होतो की एखादं हलकं लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, तिचे अनेक प्रकार मिळतात) चालवून बघू, आवडलं तर ठेवू. त्या तयारही झाल्या होत्या. मधल्या चार दिवसांत पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला आणि सगळं फिरलं. नंतर तोच मजकूर मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. थोडक्यात तो असा:

"विंडोज १० दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद. जुने कॉम्प्युटर निकामी. काही लोक लिनक्स वापरून बघा सांगतात, सावधान! १) लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू करताच हार्ड डिस्क आपोआप पुसली जाते. २) बायोस कायमचे लॉक होते, मदरबोर्ड फेकावा लागतो. ३) फुकट सॉफ्टवेअर हॅकर लोकांचे असते, वापरणे बेकायदा. ४) मराठी टाइप होत नाही. ५) सर्व काम काळ्या स्क्रीनवर कमांड लिहून करावे लागते. वेळीच जुना लॅपटॉप विकून टाका."

हे वाचून माणसं चांगली चालणारी मशीन भंगाराच्या भावात देऊन टाकतायत, म्हणून लिहितोय.

सगळ्यात चुकीचा आणि सगळ्यात नुकसान करणारा मुद्दा पहिला. पेनड्राइव्ह लावून लिनक्स सुरू करणं याला लाइव्ह चालवणं म्हणतात. पेनड्राइव्हमध्ये अख्खी प्रणाली दाबून बसवलेली असते. लॅपटॉप हार्ड डिस्कऐवजी तिथून सुरू होतो, लागेल तेवढा भाग रॅममध्ये उचलतो आणि चालायला लागतो. तुम्ही वॉलपेपर बदला, फाइल बनवा, ब्राउझर उघडा, ते सगळं रॅममध्येच राहतं. मशीन बंद केलं की पुसलं जातं. हार्ड डिस्कचं चित्र समोर दिसतं, पण तुम्ही स्वतः त्यावर क्लिक करून आत शिरल्याशिवाय तिला कोणी हात लावत नाही.

ही गोष्ट काही काल निघालेली नाही. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली क्नॉपिक्स नावाचं लिनक्स काढलं, ते एका सीडीवरून चालायचं. त्या सीडीवर एक अक्षर लिहिता येत नव्हतं, हार्ड डिस्क नसली तरी चालत होतं, आणि तरी पूर्ण डेस्कटॉप उभा राहत होता. २००३ मध्ये पपी लिनक्स आलं. ते इतकं लहान की सगळंच रॅममध्ये जाऊन बसतं, मग पेनड्राइव्ह उपसून खिशात घातला तरी ते चालूच राहतं. बंद करताना ते 'सेव्ह करायचं का' विचारतं, तेव्हा फक्त बघायला चालवलं असेल तर 'नाही' म्हणायचं.

मग डेटा जातो कुठे? दोन ठिकाणी, आणि दोन्हीकडे आपल्याच हाताने. पेनड्राइव्हवर लिनक्स चढवणारी रुफस, व्हेंटॉय ही सॉफ्टवेअर तो तयार करताना आधी पूर्ण पुसतात. त्या वेळी बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल आणि यादीत चुकून तीच निवडलीत, तर तुमचे फोटो गेले. म्हणून त्या वेळी दुसरं काहीही जोडलेलं ठेवू नका. दुसरं ठिकाण म्हणजे लाइव्ह डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल' हे बटण. ते दाबून, भाषा निवडून, पुढे पुढे जाऊन, 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय स्वतः निवडून, शेवटच्या सूचनेलाही हो म्हटलं, तर डिस्क पुसली जाते. एवढ्या पायऱ्या उतरून गेल्यावर झालेल्या गोष्टीला 'आपोआप' म्हणायचं? फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नुसतं चालवून बघणं आणि इन्स्टॉल करणं यातला फरकच गिळून टाकलाय, आणि नेमका तोच फरक माहीत नसल्यामुळे लोक घाबरतात.

दुसरा मुद्दा बायोसचा, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या छोट्या प्रोग्रॅमचा. इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. असं एकदा खरंच झालं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या १७.१० आवृत्तीमुळे लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपांचं आणि इतर काही कंपन्यांच्या मोजक्या मॉडेलांचं बायोस अडकलं. केलेले बदल सेव्ह होईनात, काहींना पेनड्राइव्हवरून बूट करता येईना. उबुंटूचे दोष नोंदवले जातात त्या लाँचपॅड संकेतस्थळावर दोष क्रमांक १७३४१४७ म्हणून त्याची पूर्ण नोंद आहे, कोणीही उघडून वाचावी. कारणही तिथेच आहे: कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, इंटेल-एसपीआय नावाचा एक ड्रायव्हर बायोसच्या चिपवर काही लिहूच देत नव्हता. उबुंटूने ती आवृत्ती डाउनलोडमधून काढून घेतली, ड्रायव्हर बंद केला आणि जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त आवृत्ती दिली. अडकलेली मशीन सोडवायचा उपायही त्याच नोंदीत आला. म्हणजे एका आवृत्तीतला, कारण सापडलेला आणि दुरुस्त झालेला दोष. तो आज प्रत्येक लिनक्सच्या नावावर खपवणं म्हणजे शुद्ध दिशाभूल.

पण या अफवेला रोज खतपाणी मिळतं ते दुसऱ्याच एका गोष्टीतून, असा माझा अंदाज आहे, आणि ती मी वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर पाहिली. फोन ठेवला आणि मी तसाच गेलो. म्हटलं, विकायचा तर विका, पण दहा मिनिटं द्या. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय टाकून त्यात मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, लुबुंटू, अँटीएक्स आणि पपी अशा चार आयएसओ फाइल (एकेका फाइलमध्ये एकेका लिनक्सची अख्खी प्रत) नुसत्या कॉपी करून ठेवल्यात. लॅपटॉप चालू करताना बूट मेनूची की दाबली, काळ्या पाटीवर चार नावं आली, मिंट निवडलं. पेनड्राइव्हचा निळा दिवा लुकलुकत राहिला आणि दीड-दोन मिनिटांत डेस्कटॉप. वाय-फायचा पासवर्ड वहिनींनीच टाकला. व्हिडिओ चालला, आवाज आला, टचपॅड चाललं. तासभर त्यांनी इकडे तिकडे करून बघितलं. मग बंद केलं, पेनड्राइव्ह काढला, विंडोज सुरू केली. सगळ्या फाइल जागच्या जागी. पण संध्याकाळचे सहा वाजलेले आणि लॅपटॉपच्या घड्याळात दुपारचे साडेबारा!

वहिनींचा चेहरा उतरला. "बघा, बिघडलं की नाही?"

बिघडलं काहीच नव्हतं. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात आपली स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स तिथे ग्रिनिचची वेळ आहे असं धरून चालतं, आणि इंटरनेट मिळालं की तशीच दुरुस्त करून ठेवतं. आपला आणि ग्रिनिचचा फरक साडेपाच तासांचा, तेवढं घड्याळ मागे. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये 'आत्ता सिंक करा' दाबलं, झालं. पण ज्याला हे कोणी सांगितलेलं नाही, त्याला मदरबोर्डमध्ये काहीतरी गडबड झाली असंच वाटणार.

आणखी एक खबरदारी, ही नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी. मिंट, उबुंटू सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारं बायोसमधलं कुलूप) चालू असतानाही सुरू होतात, पण पपीसारख्या लहानांसाठी ते बहुधा बंद करावं लागतं. तुमच्या विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर त्या बदलानंतर ती रिकव्हरी की मागू शकते. की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घ्या, मगच बायोसला हात लावा.

तिसऱ्या आणि पाचव्या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही. बेकायदा? लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेलं हे कर्नल जीपीएल परवान्याखाली मिळतं, आणि वापरायची, कॉपी करायची, वाटायची परवानगी त्या परवान्यातच लिहिलेली आहे. ज्या अँड्रॉइड फोनवर हा फॉरवर्ड वाचला गेला, त्याच्याही पोटात लिनक्स कर्नलच आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने स्वतः बॉस नावाचं लिनक्स काढलंय. केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवर शिकतात. खबरदारी एकच, आयएसओ फाइल त्या त्या लिनक्सच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. आणि काळ्या स्क्रीनचं म्हणाल तर वहिनींनी त्या तासाभरात एकही कमांड लिहिली नाही.

मराठी टाइप होत नाही, हे मात्र अर्धं खरं. युनिकोड मराठी उत्तम होते. आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर टाकली की इन्स्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो आणि इंग्रजी अक्षरांवरून लिहायची पद्धतही. पण ज्यांचं काम श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहे, लग्नपत्रिका आणि हँडबिलं पेजमेकर नाहीतर कोरलमध्ये लागतात, त्यांनी लिनक्सवर जाऊ नये. ती सॉफ्टवेअर विंडोजचीच आहेत. टॅलीचंही तेच. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवर टॅली चालत असेल तर तिथे मी कोणालाही लिनक्स सुचवणार नाही. फॉरवर्डमध्ये एवढंच लिहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं.

राहिलं विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख खरी आहे, पण 'बंद' हा शब्द खोटा. त्या दिवसापासून मोफत सुरक्षा अपडेट थांबले. मशीन चालतं, आणि घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जास्तीचे अपडेट देण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेच केलीय. वहिनींच्या लॅपटॉपला विंडोज ११ चालणार नाही हेही खरं, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. म्हणून तर दुसरं काय चालतंय ते बघायचं.

तरीही ज्यांना आपल्या मशीनला हात लावायची भीती वाटते, त्यांनी डिस्ट्रोसी हे संकेतस्थळ उघडावं. तिथे हवं ते लिनक्स निवडायचं, ते त्यांच्या सर्व्हरवर चालतं आणि त्याची स्क्रीन आपल्या ब्राउझरमध्ये दिसते. जरा अडखळत चालतं, आणि तिथे आपले पासवर्ड अजिबात टाकू नयेत, पण मेनू कसा आहे, फाइल कुठे असतात, हे कळायला पुरेसं आहे. आपला प्रिंटर चालतो का, आवाज येतो का, हे मात्र पेनड्राइव्हशिवाय कळणार नाही. एका प्रणालीच्या आत दुसरी चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर घेऊन विंडोजच्या आतही लिनक्स चालवता येतं, पण ४ जीबी रॅममध्ये दोन प्रणाली एकदम पेलत नाहीत, आणि मग लोक लिनक्सच मंद आहे म्हणून नाव ठेवतात. १ जीबीचं अगदी म्हातारं मशीन असेल तर अँटीएक्स नाहीतर पपी बघा, मिंटला किमान २ जीबी लागते.

घड्याळ लावून झाल्यावर वहिनींनी स्वतःच पुन्हा पेनड्राइव्ह लावला. नववीची भूगोलाची प्रश्नपत्रिका लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली. वर्डमध्ये केलेल्या फाइलमधलं एक कोष्टक सरकलं होतं, ते ओढून जागेवर आणलं. मग म्हणाल्या, "प्रिंटर आतल्या खोलीत आहे, तो लावून बघू, आणि मगच त्या माणसाला काय ते सांगते." प्रिंट निघाली. पेनड्राइव्ह त्यांनी ठेवून घेतलाय, परीक्षा संपेपर्यंत तसंच वापरून बघणार आहेत.