गाभण राहिल्याने घोडीचा कुशिंग बरा होत नाही

घोडेमालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक लांबलचक मजकूर पुढे ढकलला जात आहे. कुशिंग हा आजार नसून उतारवयाचे लक्षण आहे, असे त्यात सुरुवातीलाच म्हटले आहे. पुढे दावा असा की, हा संप्रेरकांचा बिघाड असल्यामुळे घोडी एकदा गाभण राहिली की तो आपोआप जागेवर येतो. कुशिंगवर दिल्या जाणाऱ्या पर्गोलाइड या औषधाने गर्भ पडतो, म्हणून घोडी भरवल्या दिवसापासून ते बंद करून निर्गुडीचा काढा सुरू करावा. गाभणपणात गूळ, बाजरी आणि हरभरा घालून चंदी वाढवावी. आणि घोडी चांगल्या वंशाची असेल तर वय न पाहता दरवर्षी शिंगरू घ्यावे. हा आजार असलेली एक मारवाडी घोडी आमच्या तबेल्यात सहा वर्षे आहे, आणि या मजकुरावर विसंबून तिला भरवण्याचा सल्ला देणारे चौघे जण मला गेल्या महिन्याभरात भेटले. म्हणून त्यातील एकेक दाव्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

प्रथम वयाबद्दल. घोड्याच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या मधल्या भागावर हायपोथॅलॅमस या मेंदूच्याच भागाकडून येणाऱ्या चेतापेशी डोपामाइन या रसायनाच्या द्वारे लगाम ठेवतात. वाढत्या वयात या चेतापेशी झिजल्या की लगाम सुटतो, ग्रंथीचा तो भाग वाढत जातो आणि अधिवृक्क ग्रंथींना चालना देणाऱ्या एसीटीएचसह अनेक संप्रेरके रक्तात बेसुमार सोडू लागतो. माणसाच्या आणि कुत्र्याच्या कुशिंगमध्ये ग्रंथीतला बिघाड बहुधा पुढच्या भागात असतो, त्यामुळे घोड्यांतील आजाराला पशुवैद्य आता पीपीआयडी (पियूषिकेच्या मधल्या भागाचा बिघाड) असे वेगळे नाव देतात. ऑस्ट्रेलियातील एका पाहणीत 15 वर्षांवरील घोड्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला हा आजार आढळला. म्हणजे पाचांतल्या चौघांना, त्याच वयाचे असूनही, तो नव्हता.

आमच्या घोडीचा आजार पहिल्यांदा लक्षात आला तो खरारा करताना. वैशाख उलटत आला तरी तिच्या पोटाखाली आणि गळ्याच्या बाजूला बोटभर लांब, टोकाशी वळलेले केस तसेच होते. शेजारच्या घोडीच्या अंगावरून खरारा फिरवला की केसांचे पुंजके निघत, हिचे चार केसही हाताला लागत नव्हते. पाठीवरचे मांस उतरून कणा वर आला होता, पोट सुटले होते, डोळ्यांवरचे खळगे भरून फुगले होते, आणि मोतद्दार सांगत होता की हिची पाण्याची बादली इतरांपेक्षा दोनदा जास्त भरावी लागते. आम्हीही पहिले वर्ष हे सारे वयावर ढकलले. त्या शरदात एका सकाळी ती पुढचे पाय ताणून, सगळा भार मागे टाकून उभी राहिलेली दिसली आणि पाऊल उचलायलाच तयार होईना. तो लॅमिनायटिस होता, म्हणजे खुराच्या आतील हाड आणि खुराची भिंत यांना जोडणाऱ्या थरांचा दाह. नालबंद आणि डॉक्टर यांच्या मदतीने तिला पुन्हा सरळ चालायला पाच महिने लागले.

भाद्रपद-आश्विनात निरोगी घोड्यांचेही एसीटीएच वाढते, म्हणून रक्ततपासणी निरर्थक आहे, असेही त्या मजकुरात आहे. यातील पहिला अर्धा भाग खरा आहे. दिवस लहान होऊ लागले की हे संप्रेरक सगळ्याच घोड्यांत चढते, आणि म्हणूनच प्रयोगशाळा त्या महिन्यांसाठी वेगळी मर्यादा वापरतात. आजारी घोड्यात ही चढण कितीतरी पटींनी मोठी असल्याने उलट त्याच दिवसांत आजार स्पष्ट दिसतो. रक्त ईडीटीएच्या (ते गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत घेऊन थंड ठेवले आणि प्लाझ्मा वेळेत वेगळा केला तर अहवालावर भरवसा ठेवता येतो, आणि आकडा सीमेवरचा आला तर पियूषिकेला चेतवणारे टीआरएच हे संप्रेरक देऊन पुन्हा तपासता येते.

आता मुख्य दावा. झिजलेल्या चेतापेशी गर्भधारणेने पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे गाभण राहून आजार जाण्याचा मार्गच शिल्लक राहत नाही. तरीही हा समज कसा रुजला असावा, हे मला समजू शकते. दिवस मोठे होऊ लागले की घोडी माजावर येते आणि भरवली जाते. नेमक्या त्याच काळात एसीटीएच ऋतुमानाने उतरलेले असते आणि घोडी थोडी तरतरीत दिसते. मालकाला वाटते की गर्भाचा गुण आला. पण घोडीचा गाभणकाळ सुमारे 340 दिवसांचा असल्यामुळे फाल्गुन-चैत्रात भरवलेल्या घोडीला पोटात शिंगरू घेऊन एक अख्खा शरद काढावा लागतो, आणि त्यानंतर लगेच गाभणपणाचा शेवटचा टप्पा येतो. या टप्प्यात निरोगी घोडीचे शरीरही इन्सुलिनला नीट दाद देत नाही, कारण गर्भाकडे साखर वळवण्याची ती निसर्गाची सोय आहे. कुशिंगच्या अनेक घोड्यांत इन्सुलिनचा बिघाड आधीच असतो, आणि लॅमिनायटिस बहुतांशी त्यातूनच येतो. पोटातील वजन वाढत असताना असे पाय धरले गेले तर घोडी आणि शिंगरू दोघेही संकटात येतात.

औषधाविषयीचा दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यात खऱ्याचा एक तुकडा मिसळला आहे. पर्गोलाइड हे अर्गट या बुरशीजन्य द्रव्यापासून बनवलेले, डोपामाइनचे काम करणारे औषध आहे; घोड्यांसाठीच्या प्रॅस्केंड या गोळीला अमेरिकेत 2011 मध्ये मंजुरी मिळाली, आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या घोड्यांत तिची सुरक्षितता तपासलेली नाही असे तिच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे. तपासलेले नाही, याचा अर्थ गर्भ पडतो असा होत नाही. पशुवैद्यांनी हे औषध चालू असलेल्या घोड्यांकडून धडधाकट शिंगरे घेतली आहेत, आणि औषधाने आजार आटोक्यात आल्यावरच काही घोड्यांचे माजाचे चक्र पुन्हा नियमित होते. ते भरवल्या दिवशी बंद करणे म्हणजे येणाऱ्या शरदात घोडीला उघड्यावर सोडणे आहे.

खरा धोका गाभणपणाच्या शेवटी असतो. डोपामाइन प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या संप्रेरकाला दाबते, आणि प्रोलॅक्टिनशिवाय कास भरत नाही. स्त्रियांचे दूध आटवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ब्रोमोक्रिप्टीन आणि कॅबरगोलीन या गोळ्याही याच वर्गातील आहेत. अमेरिकेत बुरशी लागलेले फेस्क्यू गवत खाणाऱ्या गाभण घोड्यांमध्ये अर्गटचा हाच परिणाम अनेक दशके पाहिला गेला आहे: दिवस उलटून जातात, वार जाड होते, आणि शिंगरू जन्मले तरी कासेत चीक नसतो. त्यामुळे बरेच पशुवैद्य अपेक्षित तारखेच्या सुमारे एक महिना आधी औषध थांबवतात आणि पुढे कधी सुरू करायचे ते घोडीचे पाय आणि कास पाहून ठरवतात. हा निर्णय त्यांचाच असावा. दूध उतरले नाही तर दिले जाणारे डोम्पेरिडोन डोपामाइनच्या विरुद्ध काम करते, म्हणून कुशिंगच्या घोडीला तेही आपल्या मनाने देऊ नये.

निर्गुडीबद्दल थोडक्यात. परदेशात या आजारावर विकली जाणारी वनस्पती व्हायटेक्स ॲग्नस-कास्टस आहे. आपली निर्गुडी व्हायटेक्स निगुंडो, म्हणजे त्याच कुळातील पण वेगळी वनस्पती. शिवाय त्या परदेशी वनस्पतीचा अर्क कुशिंगच्या घोड्यांना देऊन पाहिला गेला तेव्हाही उपयोग दिसला नव्हता.

चंदीचा सल्ला ज्याच्या घोडीचे इन्सुलिन बिघडलेले आहे त्याने तर मुळीच ऐकू नये. गूळ आणि बाजरी यांतून साखर व स्टार्च भरपूर मिळतात, आणि त्या घोडीला नेमके तेच कमी हवे असते. पण येथे दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. गर्भाची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते, आणि मांस उतरलेल्या घोडीला त्या काळात उपाशी ठेवणे हाही अन्यायच आहे. भिजवून निथळलेले वाळके गवत, प्रथिनांसाठी मोजका लसूणघास, उष्मांकासाठी तेल आणि खनिजांचे मिश्रण, असा आहार इन्सुलिनची तपासणी करून डॉक्टरांनी आखून द्यावा.

ज्यांची घोडी आधीच गाभण आहे, त्यांनी विण्याच्या रात्रीची तयारी महिनाभर आधी करावी. शिंगरू आईच्या पोटातून रोगप्रतिकारक द्रव्ये घेऊन येत नाही. ती त्याला चिकातूनच मिळतात आणि 24 तासांनंतर त्याचे आतडे ती शोषत नाही. म्हणून दुसऱ्या घोडीचा गोठवलेला चीक हाताशी असावा, आणि पहिल्या दिवसाच्या शेवटी शिंगराच्या रक्तातील आयजीजी, म्हणजे चिकातून मिळणारे रोगप्रतिकारक द्रव्य, तपासून घ्यावे. वार तीन तासांत पडली नाही तर सकाळची वाट पाहू नये, कारण अडकलेल्या वारेतून जंतुसंसर्ग आणि त्यातून लॅमिनायटिस होतो, आणि कुशिंगच्या घोडीची संसर्गाशी लढण्याची ताकद आधीच कमी असते.

राहिला वंशाचा प्रश्न. चांगल्या रक्ताची घोडी वाया जाऊ नये ही तळमळ मला मान्य आहे, पण त्यासाठी तिनेच अकरा महिने भार वाहायला हवा असे नाही. भरवल्यानंतर सातव्या-आठव्या दिवशी तिच्या गर्भाशयातून भ्रूण धुऊन काढून तो तरुण, निरोगी घोडीच्या पोटात ठेवता येतो; राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील शाखेत 2023 मध्ये मारवाडी शिंगरू याच पद्धतीने जन्मले आहे. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांना मात्र हा मार्ग बंद आहे, कारण त्यांच्या नोंदवहीत नैसर्गिक समागमातून झालेल्या आणि जन्मदात्या घोडीनेच पोटात वाढवलेल्या शिंगरांनाच स्थान असते. आमच्या घोडीला आम्ही भरवलेले नाही. तिच्या खुराचे क्ष-किरण चित्र दर सहा महिन्यांनी काढतो, आणि हाड जोवर आहे त्याच जागी आहे, तोवर पुढच्या हंगामात निदान तिचे भ्रूण घेता येईल का, एवढाच प्रश्न आम्ही डॉक्टरांपुढे ठेवला आहे.