‘बीपी वाढला तरच गोळी घ्या’ म्हणणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून येणारी माणसे गेल्या काही महिन्यांपासून गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, मागण्याआधी मोबाइलवर आलेला एक संदेश मला वाचायला देतात. तो अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीविषयी आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘बीपी १४०च्या वर गेला तरच गोळी घ्या, नॉर्मल असताना घेतली तर बीपी एकदम खाली जातो. एक दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्या. पाचची गोळी चालते, दहाची म्हणजे विष. तिने किडनी जाते आणि पायाची सूज ही त्याची खूण आहे. पाचची मिळाली नाही तर अडीचच्या दोन घ्या. साठीनंतर वयात शंभर मिळवा, तेवढा बीपी नॉर्मलच असतो. गोळी चालू असताना संत्री बंद करा.’

हा संदेश वाचून गोळ्या सोडलेली आणि गोळ्या वाढवलेली, अशी दोन्ही तऱ्हेची माणसे मी पाहिली आहेत. म्हणून त्यातल्या प्रत्येक विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान सर्वांत घातक आहे, कारण ते ऐकायला शहाणपणाचे वाटते. ‘आज बीपी बरोबर हाय, मंग गोयी कायले घ्याची?’ असे एका काकांनी मला विचारले, तेव्हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. डोके दुखले की डोकेदुखीची गोळी आणि ताप आला की तापाची गोळी, हाच आपला आयुष्यभराचा अनुभव असतो. अम्लोडिपिन मात्र त्या जातीचे औषध नाही. गोळी पोटात गेल्यावर रक्तातले तिचे प्रमाण सर्वांत वर पोहोचायला ६ ते १२ तास लागतात आणि ते प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास, म्हणजे सव्वा ते दोन दिवस जातात. त्यामुळे आज घेतलेल्या गोळीत कालच्या आणि परवाच्या गोळीचा उरलेला भाग मिसळतो, आणि रोज एक गोळी घेत राहिल्यास साधारण ७ ते ८ दिवसांनी रक्तातली पातळी स्थिर होते. काकांच्या यंत्रावर दिसलेला १२८ हा आकडा त्या स्थिर पातळीचाच परिणाम होता. गोळी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशीही आकडा चांगलाच येतो, तिसऱ्या दिवशी थोडा वाढतो आणि आठवड्याभरात पूर्वीच्या जागी जातो. मधल्या दोन चांगल्या दिवसांमुळे माणसाची खात्री पटते की गोळीची गरजच नव्हती.

‘नॉर्मल असताना घेतली तर बीपी एकदम खाली जातो’ हेही या औषधाच्या बाबतीत खरे नाही. रक्तदाब मुळातच नॉर्मल असलेल्या लोकांना अम्लोडिपिन देऊन पाहिले असता त्यांच्या रक्तदाबात एक-दोन अंकांपलीकडे फरक पडला नाही, आणि ज्यांचा रक्तदाब जितका जास्त वाढलेला तितका तो अधिक उतरतो, असे आढळलेले आहे.

आता याच विधानाची दुसरी बाजू पाहू. वाढल्यावरच घ्यायची ठरवलेला माणूस यंत्रावर १७० दिसले की गोळी घेतो, तासाभराने पुन्हा मोजतो आणि आकडा तेवढाच दिसला की दुसरी घेतो. आमच्याकडच्या एका वृद्ध गृहस्थांनी कापूस वेचणीच्या दिवसांत शेतातून आल्यावर असेच करून संध्याकाळपासून निजेपर्यंत ५ मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या घेतल्या. तिन्हींचा परिणाम एकत्रितपणे उत्तररात्री झाला, लघवीला उठताना ते अंगणात पडले आणि मनगट मोडले. एका दिवसात १५ मिलिग्रॅम ही मात्रा प्रौढ माणसासाठी ठरलेल्या कमाल मात्रेच्या दीडपट होते. अशा प्रसंगी घरी पडून राहून वाट पाहू नये, कारण औषधाचा अंमल दीड-दोन दिवस टिकतो. रुग्णालयात नेऊन लक्ष ठेवावे लागते. उलट बाजूने, आकडा १८०/१२०च्या वर असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तोंड वाकडे झाले असेल, बोलणे अडखळत असेल किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडत असेल, तर घरातली कोणतीही गोळी वाढवत न बसता १०८ला फोन करावा.

चुकलेल्या गोळीचे उत्तर याच हिशेबातून निघते. त्याच दिवशी आठवले तर घ्यावी, १२ तासांहून अधिक उलटून गेले असतील तर ती सोडून द्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी एकच घ्यावी. औषध रक्तात इतका वेळ टिकत असल्यामुळे एका खाड्याने मोठे नुकसान होत नाही, म्हणून दोन घेऊन भरपाई करण्याचे कारणही उरत नाही. सकाळी की रात्री, हा वाद मला वेचणीला जाणाऱ्या बाया नेहमी विचारतात. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात हृदयविकार किंवा पक्षाघाताच्या बाबतीत फरक दिसला नाही. जेवणाआधी वा जेवणानंतर, कशीही चालते; वेळ मात्र रोज विसरली जाणार नाही अशी निवडावी.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वरचे सर्व विवेचन अम्लोडिपिनचे आहे. चिठ्ठीत अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल ही रक्तदाबाचीच दुसरी औषधे असतील तर ती अचानक थांबवल्याने, विशेषतः हृदयाचा त्रास असलेल्यांना, छातीत दुखणे उद्भवू शकते. त्यामुळे शेजारच्याचा नियम आपल्या पत्त्याला लावू नये.

‘दहाची म्हणजे विष’ या विधानाकडे वळू. प्रौढांसाठी अम्लोडिपिनची सुरुवात बहुधा दिवसातून एकदा ५ मिलिग्रॅमने होते. अंगाने लहानखुऱ्या, अशक्त, वृद्ध किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाला २.५ने सुरुवात करतात. आणि कमाल मात्रा १० आहे. अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही अम्लोडिपिन घेणाऱ्या गटाला गरजेनुसार २.५ ते १० मिलिग्रॅमच दिले होते. म्हणजे १० ही सर्रास वापरली जाणारी, तपासलेली मात्रा आहे. तरीही ‘पाचने उतरले नाही, तर आपणच दोन घेऊ’ हा हिशेब चुकतो, कारण मात्रा दुप्पट केल्याने परिणाम दुप्पट होत नाही, त्रास मात्र वाढतो. म्हणून पुष्कळदा डॉक्टर १०वर जाण्याऐवजी ५सोबत टेल्मिसार्टनसारखे दुसरे औषध जोडतात. मात्रा बदलल्यावर तिचे मोजमाप दोन दिवसांत करू नये. एक ते दोन आठवडे द्यावेच लागतात.

किडनीच्या भीतीविषयी थोडक्यात सांगतो. अम्लोडिपिनचे विघटन मुख्यतः यकृतात होते, आणि किडनीच्या रुग्णांतही तिची मात्रा सहसा कमी करावी लागत नाही. वर्षानुवर्षे न उतरलेला रक्तदाब हेच किडनी निकामी होण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगितले नाही, याचा मला मनापासून राग येतो.

सूज खरी आहे, तिचे कारण मात्र वेगळे आहे. हे औषध धमन्यांच्या बारीक शाखा सैल करते, शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी घोट्याभोवती झिरपते. ती मात्रेबरोबर वाढते: औषधाच्या चाचण्यांत ५ मिलिग्रॅमवर शंभरातल्या साधारण तिघांना आणि १०वर साधारण अकरा जणांना सूज आली होती. लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी उतरत नाही. मात्रा कमी करून किंवा टेल्मिसार्टनच्या गटातले औषध जोडून उतरते, आणि हा बदल डॉक्टरांनी करायचा असतो. सुजेबरोबर धाप लागत असेल, तोंड सुजत असेल किंवा एकच पाय सुजून दुखत असेल, तर ती गोळीचीच आहे असे धरून चालू नये.

‘अडीचच्या दोन घ्या’ हे विधान मला अधिक वेळ घेऊन तपासायचे आहे, कारण ते अर्धे खरे आहे. साध्या अम्लोडिपिनच्या २.५च्या दोन गोळ्या म्हणजे ५, यात वाद नाही. पण आपल्याकडे एस-अम्लोडिपिन नावाची दुसरी गोळीही मोठ्या प्रमाणावर विकली जाते. साध्या अम्लोडिपिनमध्ये एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी तसे दोन प्रकारचे रेणू निम्मे-निम्मे असतात, आणि रक्तदाब उतरवण्याचे काम त्यांतला एकच करतो. एस-अम्लोडिपिनमध्ये फक्त तोच असतो. म्हणून एस-अम्लोडिपिन २.५ ही साध्या ५च्या बरोबरीची आणि एस-अम्लोडिपिन ५ ही साध्या १०च्या बरोबरीची धरतात. पत्त्यावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेले नाव असते, औषधाचे मूळ नाव त्याखाली बारीक, आणि ‘एस’ हे अक्षर तर नजरेतून सहज निसटते.

माझ्या दुकानात आलेल्या एका मावशींकडे दोन पत्ते होते. एक प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेला साध्या अम्लोडिपिन ५चा, दुसरा खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर घेतलेला एस-अम्लोडिपिन २.५चा. नावे वेगळी म्हणून औषधे वेगळी, असे समजून त्या महिनाभर रोज दोन्ही घेत होत्या, म्हणजे प्रत्यक्षात १०ची मात्रा चालू होती. पाय सुजले होते आणि किडनी गेल्याच्या भीतीने त्यांची झोप उडाली होती. त्यांना दोन्ही पत्ते घेऊन आरोग्य केंद्रात पाठवले, डॉक्टरांनी एक गोळी बंद केली आणि तीन आठवड्यांत सूज उतरली. त्या दिवसापासून मी नव्या गिऱ्हाइकाला घरातले सगळे पत्ते पिशवीत घालून आणायला सांगतो. कोणत्याही चिठ्ठीत अम्लोडिपिनच्या नावाआधी ‘एस’ आहे की नाही, हे दुकानदाराकडून मोठ्याने वाचून घ्यावे, आणि तो बदली गोळी देत असेल तर ती कशाच्या बरोबरीची आहे हे विचारावे.

वयात शंभर मिळवण्याचा नियम फार जुना आणि चुकीचा आहे. त्या हिशेबाने ऐंशी वर्षांच्या आजीला १८० नॉर्मल ठरेल. ८० आणि त्यापुढच्या वयाच्या ३,८४५ रुग्णांवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाब १५०/८०पर्यंत उतरवण्याचे उद्दिष्ट ठेवून औषध दिले, तेव्हा एकूण मृत्यूच कमी झाले. वापरलेली औषधे अम्लोडिपिन नव्हती, पण प्रश्न म्हातारपणी रक्तदाब उतरवावा की नाही हा असल्याने उत्तर लागू पडते. वय पाहायचे ते मात्रा कितीने सुरू करायची आणि किती वेगाने वाढवायची हे ठरवताना.

संत्र्याचा इशारा ग्रेपफ्रूट नावाच्या वेगळ्या, कडसर फळाविषयीचा आहे; ते काही औषधांचे मुख्यतः आतड्यात होणारे विघटन अडवते. काटोल, वरुड, मोर्शीच्या बागांतले संत्रे ते काम करत नाही. आपल्या बागाइतदारांच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी या वाक्यापायी संत्रे सोडावे, हे पटत नाही.

संदेशात शेवटी ‘घरी मोजत राहा’ असेही एक वाक्य आहे आणि ते बरोबर आहे, फक्त मोजण्याची रीत दिलेली नाही. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) किंवा चहा घेतल्यावर अर्धा तास मोजू नये. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वेळेसह वहीत लिहावेत. एका दिवसाच्या आकड्यावर गोळी बदलत नाहीत, आठवड्याच्या वहीवर बदलतात. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात विदर्भातले वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते, आणि त्याची पद्धत हीच आहे: ठरलेल्या पायऱ्यांचे औषध, एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या आणि दर भेटीला मोजमाप. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा घाम आणि कमी पाणी यांमुळे रक्तदाब उतरतो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बसून आणि मग उभे राहून एक ते तीन मिनिटांनी मोजावे, दोन्ही आकडे लिहावेत आणि ती वही घेऊन त्याच आठवड्यात उपकेंद्रात किंवा डॉक्टरांकडे जावे. मात्रा उतरवायची की दुसरे औषध कमी करायचे, हे तिथे ठरते.