जुनी मॅन्युअल लेन्स आणि पॅनोरमा: एक खुलासा

‘जुन्या मॅन्युअल लेन्सचे फोटो पॅनोरमासाठी (अनेक फोटो जोडून केलेल्या रुंद दृश्यासाठी) जुळतच नाहीत, कारण त्यांत फोकल लेंग्थची (लेन्स किती रुंद दृश्य टिपते, हे सांगणाऱ्या मिमीतल्या आकड्याची) नोंद नसते,’ असं सध्या फिरतंय. नोंद नसते, हे खरं. पण ह्युजिनसारखं फोटो जोडणारं सॉफ्टवेअर फोकल लेंग्थ विचारतं; लेन्स ५० मिमीची असेल तर ५० आणि क्रॉप फॅक्टर (कॅमेऱ्याचा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा किती पट लहान, तो आकडा; एपीएस-सी या लहान सेन्सरला साधारण १.५) हाताने भरायचा, काम झालं. ५० × १.५ करून ७५ भरू नका, गुणाकार ते स्वतः करतं.

जोड फसते ती बहुधा पॅरलॅक्समुळे, म्हणजे बघण्याची जागा हलल्याने वस्तू सरकल्यासारख्या दिसतात त्यामुळे. कॅमेरा लेन्सच्या एन्ट्रन्स प्युपिलभोवती (समोरून पाहिल्यावर लेन्समध्ये दिसणाऱ्या, प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राभोवती) फिरवला नाही, तर जवळच्या वस्तू मागच्या दृश्यावर सरकतात. लांबच्या डोंगररांगेला हे फारसं जाणवत नाही.

उलट या लेन्समध्ये फोकस आणि अ‍ॅपर्चर (प्रकाशाच्या छिद्राचा आकार) फोटोगणिक आपोआप बदलत नाहीत, हा फायदाच! शटर स्पीड, आयएसओ, व्हाइट बॅलन्स या उजेड आणि रंग ठरवणाऱ्या सेटिंग मात्र तुम्हीच सगळ्या फोटोंसाठी पक्क्या करा.